येळवशीचं पीठ

निलंग्याहून कर्नाटकाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या त्या गावात साखराबाईच्या चिक्कूपणाची टिंगल सगळेच करायचे, आणि टिंगल करणाऱ्यांतला जवळजवळ प्रत्येकजण कधी ना कधी तिच्या हातचं पोटभर जेवून गेलेला असायचा. बाई साठीच्या पुढची, अंगानं काटक, जिभेनं तिखट. नवरा शेषेराव शांत, पोटातलं ओठावर न आणणारा. मुलगा सुदर्शन लातूरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला. सून पुनम आणि नात रेणू त्याच्याबरोबर तिकडेच. शेत बऱ्यापैकी, विहिरीला पाणी, डोक्यावर कुणाचं देणं नाही. अशा घरातल्या बाईनं काडेपेटीतली काडी वाचावी म्हणून शेजारणीच्या चुलीतला विस्तव मागून आणावा, याचं लोकांना हसू यायचं. हसणाऱ्यांचं काय जातं?

गेल्या काही वर्षांत बाजारातून परत येताना तिची पिशवी हलकी आणि तोंड जड व्हायला लागलं होतं. तेलाचा भाव विचारताना तिचा आवाज आपोआप खाली यायचा. शेंगदाणे ती मुठीनं मोजून कुटायची. डाळीचं नाव काढलं तर तिचा संताप व्हायचा.

“तूर आपल्या रानातली, भरडली लातूरला, अन् दुकानात जाऊन बसली की आपल्यालाच वळख दावत न्हाई बगा,” ती म्हणायची.

गॅस महागला तेव्हा तिनं टाकीवर जुन्या लुगड्याचं पांघरूण घातलं आणि पुन्हा चूल पेटवली. तुराट्या होत्या, पऱ्हाट्या होत्या, धुराला पैसे पडत नव्हते. फ्रिजची पिन काढून त्यात पापड-कुरडयांचे डबे ठेवले. दारावर नवा मीटर बसला आणि पहिलंच बिल आलं, त्या दिवसापासून मीटरवरच्या लुकलुकणाऱ्या तांबड्या दिव्याचा तिनं धसका घेतला. येता-जाता ती त्याच्याकडे बघायची. घरात कोण काय चालू करतंय यावर तो नजर ठेवून आहे, असं तिला वाटायचं. शेवटी तिनं आतल्या खोलीतला बल्बच काढून ठेवला. त्या खोलीला खिडकी नव्हती. तिथं धान्याच्या कोठ्या, बियाणं, जुनी भांडी असं सगळं असायचं आणि आता ते चाचपतच काढावं लागायचं.

काटकसर वाईट, असं कोण म्हणेल? पण साखराबाईच्या अंगात ती अशी शिरली होती की कुठं थांबायचं ते तिचं तिलाही कळेनासं झालं होतं.

त्यात गिरणीचं भांडण झालं. गावात गिरणी एकच, मल्लिनाथची. त्याचंही विजेचं बिल वाढलं, म्हणून त्यानं दळणाचा दर वाढवला. साखराबाईनं भर रांगेत त्याची खरडपट्टी काढली.

“मावशी, मला काय हौस हाय का?” मल्लिनाथ काकुळतीला येऊन म्हणाला. “बिल दावू का तुमाला?”

“तुजं बिल तुजापाशी ठेव. माजं पीठ मी दळते.”

तिनं तराजूवरून आपला डबा उचलला आणि तरातरा घरी आली. मागच्या पडवीत पालथं पडलेलं जातं उलटवलं, पाथरवटाकडून त्याला टाकी लावून गुळगुळीत झालेले दगड खरबरीत करून घेतले आणि पहाटे दळायला बसू लागली. हात भरून यायचे, पण रुबाबात कमी नाही. मल्लिनाथची मात्र एक सवय होती. कुणाचंही दळण असो, चाकात टाकण्याआधी तो त्यात हात घालायचा, मूठभर धान्य नाकाशी न्यायचा, खडा, किडा, वास, सगळं बघायचा. त्याच्या त्या हाताखालून आता साखराबाईचं धान्य जाणार नव्हतं.

मार्गशीर्षातली अमावास्या जवळ आली. लातूरकडे तिला येळवस म्हणतात आणि त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळी माणसं रानात. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी करायची, आत पाच दगडांचे पांडव मांडायचे, पूजा करायची, उभ्या पिकात आंबील शिंपडायची आणि मग पंगती. बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील, खीर, आणि सगळ्यांत आधी भज्जी. ती तळायची भजी नव्हे. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, मेथी, चिंच आणि मिळेल तो पाला एकत्र शिजवून हरभऱ्याच्या डाळीच्या पिठात घोटलेली दाट भाजी. साखराबाईची भज्जी पंचक्रोशीत नावाजलेली. तिचं रान रस्त्याला लागून. बाई बांधावर उभी राहून मोटारसायकलवाल्यांना हात करायची, एसटीतून उतरलेल्यांना ओढून आणायची. ओळख असो, नसो. तिच्या बांधावरून माणूस उपाशी पुढं गेलेलं तिला चालायचं नाही. वर्षभर ज्या हातानं ती तेलाचा थेंब मोजायची, तोच हात या दिवशी सैल सुटायचा. तिच्या लेखी वर्षभर काटकसर करायची ती या एका दिवसासाठीच.

या वर्षी पिठाचं अडलं. घरचा हरभरा सुगीतच विकला होता, खायला ठेवलेल्याचा भुंग्यानं भुगा केला होता, आणि दुकानातल्या बेसनाचा भाव ऐकून ती पिशवी न उघडताच परत आली.

“यंदा थोडक्यात करू,” शेषेराव म्हणाला.

“थोडक्यात करायला घरात सुतक हाय का?”

शेषेराव गप्प बसला. तो गप्प बसला की विषय संपला असं ती धरून चालायची.

दुसऱ्या दिवशी खीर करायची मोठी पातेली काढायला ती आतल्या खोलीत गेली. अंधारात चाचपडताना तिचा हात एका प्लास्टिकच्या कॅनवर पडला. कॅन जड होता. तो उजेडात आणून तिनं झाकण काढलं. हरभरा होता, चांगला टपोरा, बाहेरून गुलाबी-तांबडा माखलेला. पेरणीतून उरलेलं बियाणं. कुठं उगवलं नाही तर पुन्हा टोबायला म्हणून शेषेरावानं ठेवलं होतं. पीक सगळं एकसारखं उगवलं आणि तो कॅन विसरून गेला. पेरणीच्या दिवशी तो तिला म्हणाला होता, “याला औषध लावलंय. हात लावायचं न्हाई.” साखराबाईला ते चांगलं आठवत होतं.

ती त्या कॅनपुढं बराच वेळ बसून राहिली. मग तिनं घंगाळ आणलं.

शेषेराव दिवसभर रानात असायचा, त्याला तिनं काही कळू दिलं नाही. हरभरा तिनं धुतला. रंग चिकट होता, सुटेना, म्हणून रात्रभर भिजत घातला. सकाळी पुन्हा चोळून चोळून, पाणी नितळ येईपर्यंत धुतला आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवला. मग जात्यावर भरडला, सुपानं पाखडून सालं वेगळी केली. आतली डाळ निघाली पिवळीधमक. तिनं मूठभर नाकाशी नेली. कसलाही वास नव्हता. औषध लावलं होतं ते सालीला. साल गेली तसं औषधही गेलं, इतका सरळ हिशेब. एवढी मेहनत घेतल्यावर कुणालाही तो पटला असता. पण रात्रभर भिजताना औषध सालीतून आत उतरलं होतं, तिच्या स्वच्छतेनंच ते दाण्यात मुरवलं होतं. हे तिला सांगायला कुणी नव्हतं आणि ज्यानं सांगितलं असतं त्याच्या गिरणीची पायरी तिनं सोडली होती.

डाळ दळून पीठ डब्यात भरलं आणि सालं तिनं परसात टाकली. दुपारी कोंबड्या त्यांवर तुटून पडल्या. संध्याकाळपर्यंत दोन कोंबड्या मान वेळावून गिरक्या घेऊ लागल्या आणि दिवे लागायच्या आत आडव्या झाल्या.

शेजारची विठाबाई कुडावरून डोकावली. ही तिची लग्न होऊन आल्यापासूनची मैत्रीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दिराच्या पोराच्या आधारानं राहायची. साखराबाईच्या चुलीला विस्तव तिच्याच घरचा असायचा आणि येळवशीची आंबील दोन्ही घरांची मिळून तीच करायची.

“मानमोडी आली का काय गं कोंबड्यांला?” विठाबाईनं विचारलं.

“मानमोडीच ती,” साखराबाई म्हणाली. गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाली.

तिला काहीच कळलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. कोंबड्या खड्ड्यात पुरून ती घरात आली तेव्हा तिचे पाय थेट पिठाच्या डब्याकडे गेले. झाकण काढून तिनं पिठात बोट घातलं, जिभेला लावलं, थुंकलं. काही नव्हतं. नेहमीसारखंच पीठ. एवढ्या पिठाचं काय करायचं, उकिरड्यावर फेकायचं? दोन कोंबड्यांपायी? आणि मग बांधावर उभं राहून लोकांना बोलवायचं कशाच्या जोरावर? तिनं झाकण घट्ट बसवलं आणि डबा वर ठेवून दिला.

येळवशीला सुदर्शन, पुनम आणि रेणू आदल्या दिवशीच आले. सकाळी सगळे पाट्या आणि आंबिलीच्या बिंदग्या डोक्यावर घेऊन रानात गेले. ऊन कोवळं, हरभरा घाट्यावर आलेला, ज्वारी पोटरीत. शेषेरावानं ‘ओलगे ओलगे’ म्हणत पिकात आंबील शिंपडली, रेणू त्याच्या मागं मागं तेच ओरडत पळाली. मग पंगती बसल्या. साखराबाई पळी घेऊन वाढत होती. कुणी हात आडवा केला तर हात बाजूला सारून वाढत होती.

“आत्या, यंदा भज्जी जराशी कडू लागायली का?” पुनमनं सासूला हळूच विचारलं.

“मेथी लई पडली. खा तू.”

विठाबाईचं पोट दोन उंड्यांत भरायचं, पण साखराबाईनं तिच्या ताटात आणखी पळीभर ओतली. “खा गं, पुढल्या साली कोण कुठं असतंय,” असं दरवर्षीचंच वाक्य ती बोलली. विठाबाई हसली आणि ताट पुसून खाल्लं. सगळ्यांचं झाल्यावर साखराबाई आणि तिच्याबरोबर वाढणारा सुदर्शन बसले तेव्हा पातेल्याचा तळ लागला होता. तिनं आंबील आणि उंडा खाल्ला आणि भज्जी संपल्याचा तिला मनापासून आनंद झाला.

दुपार कलायला लागली तसं कोपीच्या सावलीत आडवे झालेले लोक उठून बसायला लागले. आधी रेणू. पोरीच्या तोंडातून लाळ गळत होती, थंडीत तिचं कपाळ घामानं भिजलं होतं. “आज्जी, मला दिसंना झालंय,” ती म्हणाली. पुनमनं तिला उचललं आणि स्वतःच बांधावर बसून उलटी केली. शेषेराव पोट धरून वाकला. मग त्या पंगतीतली एकेक माणसं. रानात जिकडं-तिकडं उलट्यांचे आवाज येऊ लागले. रस्त्यावरून जाणारा एक टेम्पो लोकांनी आडवे होऊन थांबवला.

निलंग्याच्या दवाखान्यात खाटा पुरेनात. काहींना सतरंजीवर झोपवून सलाईन लावलं. डॉक्टर प्रत्येकाला एकच विचारत होते, काय खाल्लं? जो तो भज्जी, खीर, आंबील सांगत होता. मग कुणीतरी म्हणालं, आंबील दोन दिवस आंबवलेली असते, त्यात ताक असतं, तीच बाधली असणार. ते सगळ्यांना पटलं. आंबिलीवर एकमत व्हायला वेळ लागला नाही.

विठाबाई भिंतीला टेकून बसली होती. तिला मळमळत होतं, हात थरथरत होते, पण ती धड बोलत होती. साखराबाईचा पदर तिनं ओढला.

“माज्या आंबिलीनंच झालं का गं हे?”

साखराबाईच्या तोंडाशी शब्द आला होता. समोर सुदर्शन उभा होता, भावकी उभी होती, रस्त्यावरून हात धरून आणलेली परकी माणसं जमिनीवर पडली होती. ज्या हातानं वाढलं म्हणून आयुष्यभर नाव झालं, त्या हाताविषयी काय सांगायचं? ती काहीच बोलली नाही. विठाबाईनं तिच्याकडे पाहिलं आणि खाली बघून मान हलवली.

“मला काय झालं न्हाई,” विठाबाई उठत म्हणाली. “माजी जागा लेकराला द्या. माज्यापायीच ही तऱ्हा झाली.” नर्सनं थांबायला सांगितलं तरी ती ऐकेना. दिराच्या पोराच्या मोटारसायकलवर बसून ती गावाकडे गेली. साखराबाईनं तिला जाताना पाहिलं, अगदी फाटकापर्यंत पाहिलं.

ती गेली आणि थोड्याच वेळात रेणूच्या अंगाला झटके यायला लागले. डोळे वर गेले, तोंडाला फेस. पुनम स्वतःची सलाईनची सुई उपसून पोरीकडे धावली. साखराबाईला ते बघवलं नाही. ती डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळ्यांसमोर, एका दमात बोलली.

“आंबील न्हाई, साहेब. माजं पीठ. बियाण्याचा हरभरा व्हता, औषध लावलेला. मी धुऊन दळला.”

मग डॉक्टर ओरडले, नर्स पळाल्या, इंजेक्शनं बदलली, रेणूचे झटके आवरले, पंगतीतल्या दुसऱ्या दोघांना गाडीत घालून लातूरला पाठवलं. “हे आधी का नाही सांगितलं?” डॉक्टर तिला एकदाच म्हणाले आणि कामाला लागले. खाटेवरून शेषेराव तिच्याकडे बघत होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

सुदर्शननं गावात फोन लावला. विठाबाईला ताबडतोब परत आणा म्हणून सांगितलं. तेव्हा पलीकडून कळलं. विठाबाई घरी आल्या आल्या परसात बसली होती, आंबिलीची बिंदगी राखेनं घासत. घासता घासता तिथंच कलंडली होती. दिराच्या पोराला वाटलं, दमून पडली.

विठाबाईच्या मातीला साखराबाई गेली. बायकांनी तिला वाट करून दिली, कुणी वाईट शब्द काढला नाही. तिच्या दोन्ही बाजूंची जागा मात्र शेवटपर्यंत रिकामी राहिली. कुणी शिव्या दिल्या असत्या, झिंज्या धरल्या असत्या, तर तिला बरं वाटलं असतं.

बाकीचे वाचले. रेणूही वाचली. तिला बोलता यायला लागलं, त्या दिवशी डॉक्टरांनी मऊ भात द्यायला परवानगी दिली. साखराबाई निलंग्यातल्या लांबच्या नातेवाइकाकडे उतरली होती. तिनं दुकानातून नवे तांदूळ आणले आणि भाव विचारला नाही. गॅसवर, पुरेसा वेळ, भरपूर पाणी घालून भात शिजवला, वर तूप सोडलं आणि डबा पदराखाली धरून दवाखान्यात आली.

रेणू उशीला टेकून बसली होती. डब्याचं झाकण निघताच वाफ आली आणि पोरीचे डोळे लकाकले.

“आज्जी, भूक लागली.”

“व्हय माय, आणलंय की.” साखराबाईनं भात कालवला, फुंकर घातली, बोटांवर घास घेतला. रेणूनं आ केला. घास तोंडाशी पोचायच्या आत मधे पुनमचा हात आला. सासूकडे तिनं बघितलंही नाही. पोरीच्या उघड्या तोंडावर तळहात ठेवून ती तशीच बसून राहिली.

साखराबाईचा हात वर अडला. आजूबाजूच्या खाटांवरचे लोक बघत होते. मग तिनं तो घास फिरवून स्वतःच्या तोंडात घातला, सावकाश चावला आणि सगळ्यांना दिसेल असा गिळला. तिनं पुनमकडे बघितलं, पण पुनमनं हात काढला नाही.

“आई, आज्जी खायली की. मला पण,” हाताखालून रेणू म्हणत होती.